तीन महिन्यांची साखर

माझा हात पहिल्यापासून जड. चाकणच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. माप चुकलेला पार्ट दिसला की फेकतो, आणि माणसांशीही तसाच वागत आलो. त्या दिवशी मोशीच्या खोलीवर धाकट्या भावाला भरल्या ताटावरून उठवून थोबाडीत मारली.

तो पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करायचा. पाय बधिर होतात, उभं राहवत नाही, म्हणून त्या आठवड्यात त्यानं तिसरी शिफ्ट बुडवली होती. साखर तपासायच्या घरच्या मशीनवर आकडा तीनशेच्या वर. पण कंपनीच्या तपासणीत त्याची तीन महिन्यांची साखर अगदी ठणठणीत आली होती. दोन मापं जुळत नाहीत म्हणजे छोटं माप बिघडलंय, एवढंच माझं डोकं. माझं टाळकं सरकलं. "खोटारड्या, कामाचा कंटाळा म्हणून मशीन दाखवतोस," म्हणत मी ते फरशीवर आपटलं आणि बुटाखाली चिरडलं.

"काऊन मारून राहिला, दादा?" त्याचा ओठ फुटला होता. मी आणखी एक ठेवून दिली.

दोन महिन्यांनी त्याच्या बुटात पत्र्याचा तुकडा घुसला, तर त्याला कळलंच नाही. दिवसभर तो त्यावर उभा होता. घरी आल्यावर मोजा ओढला तर सोबत कातडी आली. चार दिवसांत बोटं काळी पडली.

दवाखान्यात पुन्हा तेच. रक्तातली साखर भयंकर, तीन महिन्यांची मात्र छान. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि विचारलं, "गाव कुठलं?"

"गडचिरोलीकडचं," मी म्हणालो.

"तिकडं बऱ्याच जणांना असतो. याला सिकलसेल आहे का?"

भावानं होकारार्थी मान हलवली. बाई म्हणाल्या, तांबड्या पेशींना चिकटलेली साखर ही तपासणी मोजते. सिकलसेलमुळं याच्या पेशी काही आठवड्यांतच मरतात, मग तीन महिन्यांचा हिशोब लागणार कसा? आकडा कमीच येणार. आता तीन बोटं कापावी लागतील.

"शाळेत सिकलसेलचं कार्ड दिलं असेल ना? कंपनीच्या डॉक्टरांना का नाही दाखवलं?"

तो नोकरीला लागला तेव्हाच ते कार्ड मी टराटरा फाडलं होतं. हे दाखवलंस तर गेटवरूनच हाकलतील, म्हणालो होतो.

"हरवलं, मॅडम," भाऊ म्हणाला. "माझ्याच हातून."

खोटारडा म्हणून मी त्याला मारलं होतं. माझ्यादेखत तो खोटं बोलला ते एवढं एकदाच, आणि मी ते बोलू दिलं.