दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही

वर्तमानपत्रात असताना नायला दुर्रानीने भल्याभल्या मंत्र्यांना घाम फोडला होता. मग ती नोकरी सोडून ती लॉस एंजेलिसला टीव्ही मालिका लिहिणाऱ्यांच्या चमूत शिरली, आणि तिची वर्षं इतरांच्या विनोदांवर हसण्यात गेली. या हंगामात स्वतःच्या नावाचा एक तरी भाग मिळाला नाही, तर घरी बसायचं हे पक्कं होतं.

त्या दिवशी कराचीतल्या लग्नाची तिची कल्पना सगळ्यांना आवडली. निर्माता वॉरन म्हणाला, "नायला, हा भाग तू लिहितेस?"

नायलाला आनंदाने उडी मारावीशी वाटली, पण सवयीने तोंडातून निघालं, "छे छे, मी कुठली! दुसरं कोणी लिहू दे की."

बिर्याणीलासुद्धा दोनदा 'नको' म्हणून तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं, हे तिच्या घरचं वळण. वॉरनने मात्र मान डोलावली आणि भाग चमूतल्याच टॉडला देऊन टाकला.

तिने बाहेर जाऊन रडवेल्या आवाजात फोन लावला. "अम्मी, त्याने एकदाच विचारलं गं!"

"एकदाच? कसल्या घरचा आहे मेला! आणि तू गं? मंत्र्यांकडून नको ते वदवून घेतलंस, तुला एक 'हो' म्हणता येईना? जा परत!"

नायला धावतच आत गेली. वॉरन दारातच भेटला. "बरं झालं आलीस. टॉडला त्या लग्नातलं काहीच कळत नाहीये. तर तू..."

"हो!" नायला ओरडली. "हो, हो, हो!"

"...त्याला सगळं सांगशील ना? नाव अर्थात त्याचंच राहील."