समोरच्या घरची किल्ली

आमच्या गावच्या जुन्या चर्चच्या दारावर पाटी आहे : ‘किल्ली समोरच्या घरी मागावी.’ समोरचं घर फर्नांदमावशींचं. एकोणतीस वर्षं त्या पाहुण्यांना आधी चर्च आणि मग ओढ्यावरचा धबधबा दाखवत आल्या आहेत. यंदा त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सरपंच तिएरी म्हणाला, “मावशी, किल्ली आता कचेरीत ठेवू. पडलात तर?”

ओढ्याकडची वाट निसरडी; मी माझ्या मुलीलाही तिकडे एकटीला सोडत नाही, त्यामुळे मला त्याचं पटलं.

“आधी उघडून दाखव,” मावशी म्हणाल्या.

लियों शहरातून चर्च बघायला आलेलं जोडपं दाराशी ताटकळत उभं होतं. तिएरीने किल्ली दोन्हीकडे फिरवून पाहिली, पण दार हललं नाही.

“बाप्तिस्म्याला रडलास, स्वतःच्या लग्नाला उशिरा आलास. या दाराकडे बघितलंस कधी?” मावशींनी काठी माझ्या हाती दिली, कडी धरून दार जरा उचललं, किल्ली फिरवली आणि नव्या खुब्याने धक्का मारला. दार उघडलं.

“डॉक्टरांनी तो शोभेला नाही बसवला!”

तिएरी हसला. “निदान धबधब्यापर्यंत माझा हात धरा.”

“धरते. पण तिथे मी बोलणार, तू नाही.” आणि किल्ली त्यांनी एप्रनच्या खिशात टाकली.