न विचारता बरोबर

साइटवर त्याला सगळे घार म्हणत. उंच क्रेनच्या केबिनमध्ये बसायचं, खालच्या सगळ्यांवर नजर ठेवायची आणि कुणी कामात टंगळमंगळ केली की वरून झडप घालायची, ती शिव्यांची. सळयांचा भारा मात्र वरच्या मजल्यावर असा टेकवायचा की निजलेलं पोर अंथरुणावर ठेवावं. हात मऊ, जीभ म्हणजे कानस.

केबिनमध्ये एक रिकामी बाटली असे. लघवीला खाली उतरायचं म्हणजे शिडी, आणि शिडी म्हणजे काम बंद. ती बाटली पुरेनाशी झाली तेव्हा कुठे तो दवाखान्यात गेला. रक्त तपासलं, मग प्रोस्टेटमध्ये सुया घालून बारीक तुकडे काढले. कॅन्सर निघाला.

"आळशी प्रकारचा दिसतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "असल्या कॅन्सरवर नुसती नजर ठेवूनही भागतं. पण सुया अंदाजाने मारलेल्या असतात. एखादा दांडगा कोपऱ्यात लपलाय का, ते एमआरआयमध्ये कळेल. सुयांमुळे आत रक्त साकळलंय, ते निवळलं की करू. दोनेक महिने जाऊ द्या."

मुलाला दोन मिनिटं दम नव्हता. घरी येताच सुरू. "बाबा, काढूनच टाकू ना! घरात साप कशाला पाळायचा?"

"साप माझ्यात आहे, तुझ्यात नाही. आणि ऑपरेशननंतर लघवी आवरली नाही तर? वर केबिनमध्ये लंगोट बांधून बसू?"

मुलगा गप्प बसला. पण गप्प बसलेला माणूस काहीतरी शिजवत असतो, हे घारीच्या ध्यानात यायला हवं होतं. पुढच्याच आठवड्यात घार साइटवर पोचला तर केबिनमध्ये दुसराच बसलेला.

"तुमच्या मुलाचा फोन आला होता," सुपरवायझर म्हणाला. "ऑपरेशन ठरलंय म्हणाला. आराम करा, काका."

तळपायाची आग मस्तकात गेली. काल घार होता, आज काका झाला!

घरी त्याने चपलाही काढल्या नाहीत. "माझी खुर्ची घालवलीस? कुणाला विचारून?"

"वर चक्कर आली असती म्हणजे?"

"आली नव्हती! तुझ्या तोंडाने आली!"

"अहो, शेजारी ऐकताहेत," बायको म्हणाली.

"ऐकू देत! याने सगळ्या गावाला सांगितलंय, शेजारी तेवढे राहिलेत!"

दोन महिने बापलेकात संवाद म्हणजे दारं आपटणं. एमआरआयच्या दिवशीही त्याने मुलाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि पट्टा, किल्ल्या, घड्याळ बायकोच्या ओंजळीत टाकलं. आत त्या पांढऱ्या बोगद्यात त्याला सरकवलं, आणि यंत्र जे ठोकायला लागलं ते पत्र्याच्या शेडवर गारा पडाव्यात तसं. पडल्यापडल्या त्याने मुलाला द्यायच्या शिव्या जुळवायला घेतल्या.

"काका, हलताय," कानातल्या भोंग्यातून तंत्रज्ञ मुलगी म्हणाली. "चित्रं पुसट येताहेत."

"मी हललेलो नाही."

"पाय नाही, पोट. रागाचे श्वास आहेत हे. कुणावर चिडलाय एवढे?"

"मुलावर."

"मग मशीन थांबेपर्यंत त्याला माफ करा. बाहेर आलात की परत धरा."

"माफबिफ नाही. धरून ठेवतो तसाच."

आणि धरला. हुकाला लटकलेला भारा झुलायचा थांबेपर्यंत जसा हात आवरायचा, तसा त्याने राग आवरला. ना खाली टाकला, ना हलू दिला. चित्रं स्वच्छ आली.

ती दाखवताना डॉक्टरीणबाईंनी पडदा मुलाकडे वळवला. घारीने हात लांब करून तो आपल्याकडे फिरवला. "आत माझ्या आहे ते. मला दाखवा."

बाई ओशाळल्या. "बघा. चांगल्या भागात पाण्याचे कण मोकळे फिरतात. जिथे पेशींची दाटी, तिथे पाण्याला हलायला जागा नाही. ती जागा या चित्रात काळी दिसते. जितकी काळी, तितका दांडगेपणाचा संशय जास्त." पुढच्या अंगाला, पहिल्या सुया पोचल्याच नव्हत्या तिथे, काजळाचं बोट टेकवल्यासारखा डाग होता.

मग चित्र बघून नेमकी तिथेच सुई घातली. रिपोर्ट आला: आळशी नाही, चढाईखोर. पण ग्रंथीच्या बाहेर पडलेला नव्हता.

"रागीट जातीचा निघाला म्हणायचा," बायको पदराआडून म्हणाली. "मालकावर गेलाय." बोलता बोलता तिचे डोळे भरले.

"ऑपरेशन करता येईल, किंवा किरणांचा शेक," बाई या खेपेला त्याच्याकडे बघून म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. "काढा," तो म्हणाला.

बाहेर मुलाने तोंड उघडलं. "बाबा, मी तेच म्हणत होतो ना..."

"तेच तर!" घार एवढ्याने ओरडला की रांगेतले लोक वळले. "चुकला असतास तर एक मुस्काटात देऊन माफ केलं असतं. न विचारता बरोबर निघालास! आता तुला काय करू?"

मुलाची मान खाली गेली. "पुढे विचारीन."

"चल साइटवर."

सुपरवायझर खुर्चीतून उठायच्या आत घार त्याच्यासमोर उभा. "याने फोनवर सांगितलं ते तेव्हा खोटं होतं. आता ते खरं आहे, आणि मी सांगतोय. मला रजा हवी. आणि परत आलो की काका म्हणायचं नाही."

वर नव्या माणसाच्या हातात सळयांचा भारा हेलकावत होता. घारीने मान वर केली. "अरे, पाळणा हलवतोयस का? थांबू दे त्याला आधी!" तिथवर ते ऐकू जाणं शक्य नव्हतं, तरी तो ओरडलाच.

"जायचं घरी?" मुलाने विचारलं.

"मला विचारतोयस?"

"हो."

"मग थांब. भारा टेकू दे."