पॅटिओवरचं कॉफीहाउस

आमची मुलगी कॉलेजात युरोपचा इतिहास शिकते. इथे अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या आमच्या मराठी मित्रमंडळात हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो, कारण बाकीच्यांची मुलं कम्प्युटर सायन्सला आहेत. मग त्या खाली आलेल्या आवाजाचीच मला लाज वाटते.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत एका मित्राकडे जमलो होतो. रिवाजाप्रमाणे पुरुष घरामागच्या उघड्या पॅटिओवर व्हिस्की घेऊन, बायका आत किचनमध्ये. मुलगी चकली खात आमच्यात येऊन बसली.

"काय गं, हिस्ट्रीत जॉब कुठे मिळतो? म्युझियममध्ये?" एकाने चिडवलं.

"काका, तुमच्यासारख्यांवरच पेपर लिहितेय," ती म्हणाली. "युरोपात पूर्वी बरेच लोक सकाळी बिअरचं सूप प्यायचे. मग अरबांकडून कॉफी आली, चीनमधून चहा, अमेरिकेतून तंबाखू. साखर आली ती गुलामांनी पिकवलेली. लोक सकाळी शुद्धीवर राहायला लागले. कॉफीहाउसमध्ये धंदा, बातम्या, राजाची टिंगल, सगळं चालायचं."

"म्हणजे आपला पॅटिओच की!"

"एक्झॅक्टली. बायका तिथेही गिऱ्हाईक म्हणून फारशा नसायच्या. कॉफी ओतायला असायच्या. बाय द वे काका, घरी ड्राइव्ह कोण करणार?"

"काकू," तो म्हणाला, आणि हसायचा थांबला.

माझ्या बायकोला रेड वाइन आवडते. नवीन आलो तेव्हा शुक्रवारी आम्ही दोघं थोडी थोडी घ्यायचो. पुढे पार्ट्या सुरू झाल्या आणि दारात बूट काढतानाच मी गाडीची किल्ली तिच्या पर्समध्ये टाकू लागलो. "आज तू चालवशील?" असं ती सुरुवातीला विचारायची. मी म्हणायचो, पुढच्या वेळी. मग तिने विचारणं सोडलं.

तेवढ्यात तीच आमच्यासाठी आल्याचा चहा घेऊन बाहेर आली. निघण्याआधी पुरुषांची उतरावी म्हणून हा चहा असतो.

"आई, किल्ली दे. मी चालवते, तू बस इथे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि बसली. कुणीतरी वाइन ओतली. "कसली टिंगल चालली होती रे?" तिने विचारलं. पुढचा अर्धा तास सगळ्यात जास्त तीच बोलली. एवढी हसताना मी तिला बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

येताना गाडीत मागे बसलो होतो. बरं वाटत होतं, तरी टोचत होतं. किल्ली आईकडून लेकीकडे गेली होती. मी आपला व्हिस्कीवर तिने आणलेला चहा पीत बसलो होतो.

मुलगी आता परत कॉलेजला गेली. शनिवारी पुन्हा बोलावणं आहे. त्या दिवशी मी फक्त चहा घेणार आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही. शनिवारी दारात बूट काढेन, आणि किल्ली माझ्याच खिशात ठेवेन.