ज्येष्ठमधाची चव
खोकल्यासाठी ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरली, की मला उस्मानपुऱ्यातलं आमचं उन्हानं तापलेलं स्वयंपाकघर आठवतं. आईच्या गालांवर वांगाचे काळे डाग होते. ती सहाणेवर ज्येष्ठमध उगाळून लावायची, तरी चार बायकांत जाताना गालावर पदर ओढायचीच. एका दुपारी शेजारच्या काकू बिनलेबलची डबी घेऊन आल्या. "लई असली हाय ताई. निस्ता ज्येष्ठमध अन् तुतीची साल. आठ दिवसांत गाल साफ!" मलम पांढरंशुभ्र होतं आणि त्याला गुलाबाचा उग्र वास येत होता. काकूंवरची नजर न काढता आईनं बोटभर मलम सरळ जिभेवर ठेवलं. "अवं, लावायचं असतंय, खायचं नाय!" काकू ओरडल्या. आई मोरीत थुंकली. "ज्येष्ठमध असता तर गोड लागला असता. अन् एवढं गुणाचं हाय, तर तुमचे डाग कामून राहिले?" पावडर थापलेल्या गालांवर पदर ओढून काकू डबीसकट निघून गेल्या. आता माझ्याही गालांवर वांग आलाय. परवा मेडिकलमधून ज्येष्ठमधाची ट्यूब आणली आणि घरात कुणी नसताना जिभेला लावून पाहिली. चांगली गोड लागली. तरी ती अजून तशीच पडून आहे. साखर घातली असेल तर?