साठ फुटांचं कारंजं

न्हावऱ्याचे शिवराम आबा पहिल्यांदा माझ्या लॉनवर आले, तेव्हा त्यांनी नमस्काराआधी खिशातून लिंबू काढलं आणि वर फेकलं. झेललं, पुन्हा फेकलं, या वेळी जरा जोरात. मला वाटलं, करणी उतरवणारा माणूस चुकून आला. पण हेच ते मोटरवाले आबा. त्यांचं आयुष्य विहिरींवर मोटरी बसवण्यात गेलं होतं.

"शेठ, पानी म्हंजी ह्ये लिंबूच," ते म्हणाले. "जितकं वर न्यायचं, तितक्या जोरात तोंडातनं सुटाया पायजे. आदी उंची सांगा. मंग तोंड किती रुंद ते बघू, म्हंजी पानी किती लागतं ते कळंल. उंची आन् पानी कळलं की मोटर आपसूक कळती."

भांडगावजवळ, सोलापूर रस्त्याला, लग्नासाठीचं माझं लॉन नवंच होतं. रस्त्यापलीकडच्या लॉनवर वीस फुटांचं कारंजं होतं. मला तीस फूट हवं होतं. मी साठ म्हणालो.

यात माझं काय चुकलं, हे आजवर मला कुणी पटवून दिलेलं नाही. भंगाराच्या हातगाडीपासून मी इथवर आलो तो दुप्पट सांगून. समोरचा निम्म्यावर आणतो आणि दोघंही खूश होतात. आबांनी मात्र साठ ऐकलं आणि मान डोलावली.

"मंग पाच हॉर्सपावरची मोटर. इंचाचं तोंड."

"तीनची बसवा."

"बसवतो. पन मंग साठ म्हनू नका."

माझं डोकं तापलं. "साठच."

"बरं. जितकं उंच, तितकं मानसांपासनं लांब ठेवा. वाऱ्यानं पानी तिरकं पडतं."

साठ फूट लांब म्हणजे कारंजं शेजाऱ्याच्या उसात. मी ते लॉनच्या मधोमध बसवून घेतलं. मोटरीशेजारी आबांनी पाणी कमीजास्त करायचं एक चाक तेवढं बसवलं.

पहिलं लग्न केडगावच्या मुलीचं. ते नीट पार पडलं की त्या भावकीतली हंगामाची सगळी लग्नं माझ्याकडे येणार होती. मंगलाष्टकं सुरू होताच मी आबांना खूण केली. पाणी खरोखर साठ फूट गेलं. रस्त्यापलीकडचा लॉनवाला गच्चीवर येऊन बघत राहिला. माझ्या आयुष्यातला तो फार सुखाचा क्षण होता. मग वारा आला.

सगळं पाणी वऱ्हाडावर. ओल्या अक्षता लोकांच्या कपाळाला चिकटल्या. नवरदेवाच्या फेट्याचा रंग गालावर उतरला. भटजींनी छत्री उघडली आणि पुढचं मंगलाष्टक घेतलं. मी मोटरीकडे धावलो. आबा चाकावर हात ठेवून उभेच होते.

"कमी करा."

"किती?"

"पन्नास."

त्यांनी चाक जरासं फिरवलं. पाणी बरोबर पन्नासावर आलं आणि आहेराच्या टेबलावर पडू लागलं.

"पंचेचाळीस."

तेवढ्यात नवरीचा मामा निथळत आला. "मालक, आमी लगीन लावाया आलोय, आंगूळीला न्हाई."

"चाळीस करा, आबा." मी घासाघीस करत होतो, पण कुणाशी, ते मलाच कळत नव्हतं.

आबांनी चाळीस केलं. मामांनी टोपी पिळली.

"तीस," मी म्हणालो.

पाणी खाली आलं आणि मुकाट्यानं आपल्या हौदात पडू लागलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी आबांवर भडकलो.

"पयल्या दिसापासनं. तुमी तीस म्हनायची वाट बघत व्हतो."

त्या भावकीची बाकीची लग्नं रस्त्यापलीकडे लागली. आबा मात्र चाकाला तेल द्यायला दरवर्षी येत, आणि मी त्यांना दरवर्षी हे ऐकवत असे. "व्हय," एवढंच म्हणायचे.

गेल्या वर्षी ते शिरूरला दवाखान्यात होते. भेटायला गेलो. डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण आवाज ओळखला.

"शेठ, कारंजं किती उडतंय?"

"तीस," मी म्हणालो.

ते हसले. "म्हंजी पंधरा. मोटर बघाया पायजे."

मी शपथा घेतल्या. ते नुसतेच हसत राहिले. पुढच्या आठवड्यात गेले.

जन्मात एकदा मी खरा आकडा सांगितला आणि नेमका तोच त्यांनी निम्मा केला. हा राग आता कुणावर काढू? कारंजं तीसच उडतं. कुणीही यावं आणि लिंबू फेकून पाहावं.