गवताचा ओलावा आणि जानूकाकांची जीभ

गवत ओलं असताना दाबून ठेवलं, की आतल्या आत तापतं. आमच्या चंदनसारच्या वखारीतल्या गोष्टींचं तसंच झालंय. कधीच्या पोटात दाबून ठेवल्यात, आता जरा वाफ काढते!

वखारीत कापलेलं गवत यायचं. आम्ही बायका ते उन्हात उलटंपालटं करायचो आणि वाळलं की प्रेसमध्ये दाबून गासड्या बांधायचो. त्या ट्रकनं मुंबईच्या तबेल्यांत जायच्या. वाळलं का, ते ठरवायचे मुकादम जानूकाका, मूळचे अर्नाळ्याचे. मूठभर गवत पिळायचे, कानाशी मोडायचे आणि शेवटी एक काडी चावायचे. "अजून पानी हाय," नाहीतर "बांधा." बस!

सबंध सीझन काकांचं तोंड चालूच. आमच्यातली सगळ्यात जुनी मार्थामावशी एकदा म्हणाली, "काका, एवढं खाताय, आता दूध कधी देणार?"

* * *

माझ्या सासूबाई आगाशीच्या बाजारात भाजी घेऊन बसायच्या, आमचे हे मिठागरावर. घरी कोणी नाही. म्हणून नऊ महिन्यांचा बाळू माझ्याबरोबर वखारीत, गंजीच्या सावलीला झोळीत.

आणि मला गंजीचीच भीती! ओल्या गवताची गंजी आपोआप पेटते म्हणतात. मी दिवसातून वीस वेळा बाळूच्या कपाळाला हात लावायचे आणि वीस वेळा गंजीत हात घालायचे. काका म्हणायचे, "ताप आलाय का गंजीला? मिठाच्या पान्याची पट्टी ठेव!"

एक दिवस हात घातला तर खरंच गरम! मी बाळूला उचलून ओरडतच सुटले. सगळ्या बायका धावल्या, अख्खी गंजी उपसली.

आत मार्थामावशीची हरवलेली कोंबडी. खाली अकरा अंडी!

मावशी खूश. काका मात्र नाही. अर्धा दिवस फुकट गेला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "एकदा सोडलं. परत त्या पोरापायी खोळंबा झाला तर पोर घरी न् तूपन घरी."



* * *

मग वखारीचे मालक, आमचे शेट, त्यांच्या भाच्यानं कुठूनसं ऐकून आणलं. बाटलीत गवताचे तुकडे आणि कोरडं मीठ घालून हलवायचं. मीठ काचेला चिकटलं, की गवत ओलं. मी सातवी पास, म्हणून बाटली माझ्या हातात. मीठही मीच घरून आणलं.

पहिल्या दिवशी मीठ चिकटलं. दुसऱ्या दिवशीही. चार दिवस तेच गवत उन्हात उलटून उलटून त्याचा भुगा व्हायला आला. काका काडी चावून ओरडतायत, "अगो, पापड झाला त्याचा!" पण बाटली ऐकेना.

पाचव्या दिवशी मार्थामावशीनं बाटलीत नुसतंच मीठ घातलं. तेही चिकटलं!

"मीठ कुठनं आणलंस गो?"

"आमचे हे आणतात ना... मिठागरावरनं. ताजं!"

* * *

शेवटी शेटनी ओलावा मोजायचा मीटर आणला. लांब सळई, वर घड्याळासारखा काटा. गासडीत खुपसायचा आणि बघायचं. आम्ही तो कशाकशात नाही खुपसला! केळ्यात, मार्थामावशीच्या पावात, काकांच्या वाळत घातलेल्या टोपीत.

"टोपी फेल," मावशी म्हणाली. "आतलं डोकं बघू का?"

काकांनी मीटरकडे तुच्छतेनं पाहिलं. "ह्याला दात हायत काय?"

* * *

आणि मग माल न्यायला तबेल्याचे दुबेजी स्वतः आले. नेमकी त्याच सकाळी झोळीची दोरी तुटली. म्हणून बाळूला मी कडेच्या एका गासडीवर बसवलेलं. दुबेजी आत शिरले तसं त्याला झटकन उचललं, तर लंगोट चिंब! गासडीवर हा एवढा डाग.

गासडी उलटी करावी म्हणून वाकले, तोवर दुबेजींनी शेटचा मीटर घेऊन बरोब्बर तिथेच खुपसला.

काटा टोकाला!

"ये तो पूरा गीला है! माल नहीं चाहिए!"

शेट पांढरेफटक. मार्थामावशीनं छातीवर क्रूसाची खूण केली. मी बाळूला पदराखाली घेतलं आणि मनात म्हटलं, संपलं, उद्यापासून दोघंही घरी.

जानूकाका पुढे आले. गासडीकडे बघितलं. माझ्या भिजलेल्या पदराकडे बघितलं. मग त्याच डागातली एक काडी उपसली आणि सावकाश चावली.

"पानी नाय," काका म्हणाले. "खारट हाय. मिठागरावरचा वारा लागलाय. म्हशी आवडीनं खातात. मशीनला काय कळतंय?"

दुबेजींना पटेना. त्यांनी स्वतः एक काडी तोंडात टाकली. डोळे मिटून चावली.

"हाँ... नमक तो है," ते म्हणाले. "चलो, भरो!"

ट्रक भरायला लागला. काका माझ्याजवळून जाताना थुंकले आणि पुटपुटले, "उद्या झोळीला नवी दोरी आन."

आणि दुबेजींनी जाता जाता त्याच गासडीतली आणखी एक काडी घेतली.